रुग्णाला पुन्हा उभे करणारे शास्त्र



'फिजिओथेरपी' हा शब्द आता आपल्या घरोघरी रुळला आहे. आजोबांचा गुडघा दुखू लागला, आत्याबाईंचा खांदा वर जाईनासा झाला, किंवा कोणाच्या घरी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, की डॉक्टर औषधांच्या चिठ्ठीत शेवटी हा एक शब्द लिहून देतात. शब्द रुळला, परंतु त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा धूसरच राहिला. कोणाच्या मते फिजिओथेरपी म्हणजे शेकण्याचे यंत्र, तर कोणाच्या मते पदवीधर माणसाने केलेले मालिश. खरा उपचार औषधाने व शस्त्रक्रियेने आटोपलेला असतो आणि ही मागाहून जोडलेली एक पुरवणी आहे, जमल्यास करावी, अशीही समजूत आढळते. या समजुतीपायी जी माणसे चालू शकली असती ती अंथरुणाला खिळून राहतात, आणि जो हात पुन्हा कामाला लागला असता तो कायमचा झोळीत अडकतो. म्हणून हा उपचार करणारा तज्ज्ञ नेमके करतो काय, आणि त्याच्या कामात रुग्णाचा व घरच्या माणसांचा वाटा कोणता, याचा विचार आज आपण करू.

मराठीत या शास्त्राला भौतिकोपचार असे नाव आहे. या नावाने उष्णता, शैत्य, वीज, पाणी ही साधने चटकन डोळ्यांपुढे येतात, आणि ती या उपचारात आहेतही. परंतु या सर्वांहून मोठे साधन म्हणजे हालचाल. शरीराची गेलेली हालचाल हालचालीच्याच द्वारे परत मिळवावयाची, हे या शास्त्राचे मुख्य सूत्र होय.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची एक संस्था काढली. तीत आजाऱ्यांसाठी योजलेल्या व्यायामांचाही अभ्यास होत असे. इंग्लंडात १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची संघटना उभारली. पुढे दोन महायुद्धांत असंख्य तरुण जायबंदी झाले आणि त्यांना पुन्हा उभे करण्याच्या गरजेतून या विद्येची झपाट्याने वाढ झाली. आपल्याकडे तिचे पाऊल पडले ते पोलिओच्या निमित्ताने. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. त्या वेळी या रोगावर लस उपलब्ध नव्हती. मुले वाचत, परंतु पुष्कळांचे पाय लुळे पडत. आणि लुळ्या पायांचे पुढे काय करावयाचे हे सांगणारी शिकलेली माणसे आपल्याजवळ फारच थोडी होती. तेव्हा केंद्र सरकार, तत्कालीन मुंबई राज्याचे सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. आज मुंबई-पुण्याप्रमाणेच वडोदरा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद या शहरांतही हे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाने हे शास्त्र आपल्याकडे आणले तो रोग गेला. परंतु शास्त्राची गरज उणावली नाही, उलट वाढली. माणसे आता अधिक वर्षे जगतात. मधुमेह व रक्तदाब यांचा प्रसार वाढला आहे, रस्त्यावरचे अपघात वाढले आहेत. पूर्वी ज्या झटक्यातून वा अपघातातून माणूस वाचत नसे, त्यातून तो आता वाचतो. वाचलेल्या माणसाने पुढची वर्षे कशी काढावयाची, हा प्रश्न साहजिकच त्याच्या पाठोपाठ घरात येतो.

विश्रांतीविषयीच्या आपल्या कल्पना येथे तपासून पाहिल्या पाहिजेत. 'पडून राहा, बरे वाटेल' हे वाक्य आपल्या घरांत मायेने उच्चारले जाते, आणि तापात वा ताज्या दुखापतीत ते योग्यही असते. परंतु शरीर हे वापराने टिकणारे यंत्र आहे. स्नायू वापरला नाही की तो दिवसागणिक रोडावतो. सांधा हलवला नाही की त्याभोवतीचे आवरण आखडते. हाडावर भार पडला नाही की त्यातील चुना कमी होऊ लागतो. उताण्या निजलेल्या माणसाच्या फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, आणि पाठीवर, टाचांवर शय्याव्रण होतात. अंतराळात जाणाऱ्या निरोगी, धडधाकट माणसांचीही हीच गत होते. तेथे शरीराला स्वतःचे वजन पेलावे लागत नाही, म्हणून स्नायू व हाडे झिजतात. ही झीज आटोक्यात ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील प्रवाशांना दररोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. निरोगी माणसाची ही कथा, तर सत्तरीच्या आजीबाई महिनाभर पलंगावर राहिल्या तर काय होईल, याची कल्पना सहज करता येईल.

आता भौतिकोपचारतज्ज्ञ काय करतो ते पाहू. तो प्रथम यंत्राकडे वळत नाही; तो रुग्णाला प्रश्न विचारतो. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते, रात्री झोपमोड होते काय, आणि विशेषतः कोणते काम आता जमत नाही. मग तो रुग्णाला चालताना, बसताना, उठताना पाहतो. सांधा किती वळतो हे कोनमापकाने मोजतो. खांदा १८० अंशांपर्यंत वर जावयास हवा तो ९० वरच अडला, अशी नोंद करतो. स्नायूंचे बळ मोजण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी आहे. स्नायूत कसलीच चाळवाचाळव नसेल तर ०. बोट ठेवले असता नुसते स्फुरण जाणवले, पण अवयव हलला नाही, तर १. वजन पेलावे लागणार नाही अशा बेताने अवयव आडवा सरकवता आला तर २. स्वतःच्या वजनाविरुद्ध तो उचलता आला तर ३. वरून थोडा दाब दिला तरी टिकला तर ४, आणि पूर्ण बळ असेल तर ५.

ही आकडेमोड रुक्ष वाटेल. परंतु तिच्यात रुग्णाचा मोठा धीर साठवलेला असतो. पाय उचलता येत नाही म्हणून घरची माणसे हताश झालेली असतात. त्यांच्या दृष्टीने मागच्या आठवड्यात पाय हलत नव्हता आणि आजही उचलत नाही. तज्ज्ञाला मात्र दिसते की एकाचे दोन झाले आहेत; स्नायू जागा झाला आहे. जी सुधारणा डोळ्यांना दिसत नाही ती मापाने दाखवून देणे, हे या व्यवसायातील एक नित्याचे काम आहे.

तपासणीनंतर तज्ज्ञ उद्दिष्ट ठरवतो, आणि ते रुग्णाच्या रोजच्या जीवनातून निवडतो. कोणाला देवपूजेसाठी पाटावर बसावयाचे असते, कोणाला शाळेच्या पायऱ्या चढावयाच्या असतात, कोणाला शिवणयंत्र चालवावयाचे असते. 'गुडघा १२० अंशांपर्यंत वाकला पाहिजे' हे तज्ज्ञाचे माप. 'बसमध्ये चढता आले पाहिजे' हे रुग्णाचे माप. ही दोन्ही मापे जुळवणे हेच त्याचे कौशल्य. यास्तव त्याला आपले खरे काम, खरे घर आणि खरी अडचण मोकळेपणाने सांगावी. घरात किती पायऱ्या आहेत, शौचालय कसे आहे, स्नानघरात धरावयास काही आहे की नाही, हे प्रश्न त्याने विचारले तर ते चौकसपणाचे समजू नयेत.

या साऱ्याचा पुरेपूर प्रत्यय येतो तो अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बाबतीत; म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, किंवा तेथे रक्तस्राव होतो, आणि शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. हातापायांचे स्नायू शाबूत असतात, परंतु त्यांना आज्ञा देणारा भाग निकामी झालेला असतो. पहिल्या दिवसांत तज्ज्ञ रुग्णाला योग्य रीतीने निजवणे, साधारणपणे दर दोन तासांनी कूस पालटणे, सांधे हळुवारपणे हलवणे ही कामे पाहतो व ती घरच्यांना शिकवतो. येथे एक सूचना प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा खोल उखळीसारखा नसतो; उथळ बशीत चेंडू ठेवावा तसा तो असतो, आणि स्नायूंनी त्याला सावरून धरलेले असते. स्नायूच ढिले पडल्यावर त्या हाताला ओढले तर खांदा जागचा सरकतो, आणि पुढे कित्येक महिने त्याची वेदना हा हात हलवू देत नाही. उठवताना कमरेला व पाठीला आधार द्यावा.

मग बसणे, मग उभे राहणे, मग पाऊल टाकणे. हे लवकर सुरू व्हावे हे खरे, पण त्यातही तारतम्य हवे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले की, झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत फार जोराने व फार वेळ हालचाल करवणे हितावह नसते. म्हणून केव्हा व किती, हे तज्ज्ञाने व डॉक्टरांनी ठरवावे. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक असतो. ते दिवस 'थोडी शक्ती येऊ द्या, मग पाहू' असे म्हणत दवडले तर मोठे नुकसान होते. त्यानंतरही सुधारणा थांबत नाही. ती मंदावते एवढेच.

ही सुधारणा होते तरी कशी? मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. परंतु शेजारचे भाग त्याचे काम अंशतः शिकू शकतात, आणि लहान मूल शिकते तसेच ते शिकतात, म्हणजे पुनःपुन्हा करून. पेला उचलावयास शिकावयाचे तर पेलाच उचलावा लागतो. दहा वेळा नव्हे, शेकडो वेळा. याउलट जो हात वापरला जात नाही त्याला मेंदूही हळूहळू विसरतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी या विस्मरणाचा अभ्यास करून एक उपचार शोधला. ज्या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यांचा चांगला हातच दिवसाचा बहुतेक वेळ मोज्यात बांधून ठेवावयाचा, म्हणजे दुबळ्या हाताला काम केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. दोन आठवड्यांच्या अशा सरावाने हाताचा वापर वाढतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. हा प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. परंतु त्यातील तत्त्व प्रत्येक घराला लागू आहे.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. अण्णांचा उजवा हात गेला म्हणून मुलगी घास भरवते, सूनबाई सदऱ्याच्या गुंड्या लावते, नातू पाण्याचा पेला ओठांशी धरतो. यात प्रेमाची उणीव नाही. परंतु या प्रेमाने तो हात उपाशी राहतो. जेवावयास अर्धा तास अधिक लागो, आमटी ताटाबाहेर सांडो, सदऱ्याची एक गुंडी चुकीच्या काजात जावो. जेवढे रुग्णाला करता येईल तेवढे त्याला करू द्यावे. मदत करावी ती जेथे पडण्याचे वा ठसका लागण्याचे भय असेल तेथे. जवळ उभे राहून हात न लावणे हे सेवेचे फार अवघड रूप आहे, आणि तज्ज्ञ घरच्यांना शिकवतो त्यांतील सर्वांत कठीण धडाही हाच.

आज्ञा नव्याने शिकण्याचे दुसरे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. कुष्ठरोगाने हाताची नस निकामी झाली की बोटे आकड्यासारखी वळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत असलेल्या एखाद्या स्नायूची दोरी सोडवून ती निकामी झालेल्या स्नायूच्या जागी जोडावयाची, अशी ती पद्धत. परंतु जो स्नायू जन्मभर एक काम करीत आला त्याला दुसरे काम कोण शिकवणार? ते शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवतो. शस्त्रक्रियेने जोडलेला हात या शिकवणीवाचून नुसताच सरळ दिसेल. त्याला भाकरी मोडता येणार नाही.

इतर विकारांविषयी थोडक्यात सांगतो. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेनंतर, प्रकृतीला मानवत असेल तर, दुसऱ्याच दिवशी त्यांना आधाराने उभे करतात. निष्ठुर वाटणाऱ्या या तातडीनेच निमोनिया व शय्याव्रण टळतात. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू बळकट करणे हा पायाभूत उपाय आहे. स्नायूंनी भार उचलला की सांध्याचे दुखणे पुष्कळ उतरते. साध्या कंबरदुखीत पूर्वी आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. आता जमेल तेवढे हिंडते-फिरते राहण्याचा सल्ला देतात. मधुमेही माणसाचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो. फुप्फुसांच्या विकारात श्वासाचे व्यायाम व कफ सुटा करण्याच्या पद्धती उपयोगी पडतात. २०२० व २०२१ च्या करोनाच्या साथीत रुग्णांना पालथे निजवून श्वास सुलभ करण्याच्या कामी अनेक रुग्णालयांत या तज्ज्ञांनीही हातभार लावला. जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या बालकांना तर ते खेळता खेळता मान धरावयास, बसावयास, रांगावयास शिकवतात. तेथे खेळ हेच औषध असते आणि आई हीच मुख्य परिचारिका.

मग यंत्रांचे स्थान कोणते? गरम मेणाचा लेप, ध्वनिलहरी, विजेचे सौम्य झटके यांनी वेदना व ताठरपणा काही काळ उतरतो, आणि त्या अवधीत व्यायाम करता येतो. दार उघडण्यापुरते त्यांचे काम. आत पाऊल रुग्णानेच टाकावयाचे. 'आज वीस मिनिटे यंत्र लावले, व्यायाम राहू द्या' असे म्हणणारा रुग्ण दारातूनच परतला असे समजावे. शिवाय मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना शेकाने न कळत भाजू शकते, आणि ज्यांच्या छातीत हृदयाचा पेसमेकर बसवला आहे त्यांनी विजेच्या उपचारापूर्वी ते अवश्य सांगावे.

व्यायामाने दुखले तर काय, ही शंका सर्वांनाच येते. थोडे दुखणे, ताण जाणवणे, हे स्वाभाविक आहे. परंतु दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले किंवा सांध्यावर सूज आली, तर व्यायामाचे प्रमाण अधिक झाले असे समजून तज्ज्ञाला सांगावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायांतील बळ गेले, तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. हाड मोडल्याची शंका असताना चोळणे वा घट्ट पट्टा आवळणे टाळावे. अशा आवळण्याने रक्तपुरवठा तुटून धडधाकट हात निकामी झाल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या पाहण्यात नेहमी येतात.

उपचार कोणाकडून घ्यावा हेही पाहावे. या शास्त्राचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांहून अधिक काळाचा असून त्यात रुग्णालयातील उमेदवारी अंतर्भूत असते. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाची व नोंदणीची तरतूद झाली आहे. तेव्हा पदवी कोणती, असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

तात्पर्य, भौतिकोपचार हा रुग्णाला देऊन टाकण्याचा उपचार नव्हे. तो रुग्णाकडून करून घेण्याचा उपचार आहे. तज्ज्ञ दिवसातून फार तर एक तास भेटतो. उरलेले तेवीस तास रुग्ण घरी असतो, आणि तो बरा व्हावयाचा तो मुख्यतः त्या तेवीस तासांत. सांगितलेला व्यायाम सकाळ-संध्याकाळ नेमाने होतो की नाही, दुखणे थांबताच तो सोडून दिला जातो की काय, रुग्णाला आपले काम आपण करण्याची मुभा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. आपल्या घरी असा कोणी रुग्ण असेल, तर उद्या सकाळी चहाचा पेला त्याच्या ओठांशी नेऊ नका. चहा सोसेल इतका निवू द्या, पेला अर्धाच भरा, तो त्याच्या दुबळ्या हाताजवळ ठेवा, आणि शेजारी बसून वाट पाहा.